भिंतीच्या वीतभर पुढे

१

दवाखान्यात तिला सगळे पट्टीवाली म्हणत. लहान मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या चिकटवायच्या, काही महिन्यांनी त्या काढायच्या आणि मधल्या काळात त्यांच्या आयांची समजूत घालायची, हे तिचं काम. तिच्या पदाचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीत मावत नव्हतं. त्यामुळे पट्टीवाली हे नाव पडलं ते पडलंच.

सकाळी नऊला ती खोली उघडायची, पडदे ओढायची आणि टेबलावर नाकतोड्याचं चित्र ठेवायची. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर चित्र धुरकट दिसे, दोनदा छापल्यासारखं. पण खास काळा चष्मा घातला की प्रत्येक डोळ्याला त्यातलं एकेकच चित्र मिळतं. दोन्ही चित्रं जवळजवळ सारखी, फक्त जराशी सरकलेली. मेंदू ती ताडून बघतो आणि नाकतोड्याचे पंख कागदातून वर उठतात. मग ती मुलांना सांगायची, "धर बरं त्याचा पंख." ज्याचे दोन्ही डोळे जोडीने काम करतात ते पोर कागदाच्या चांगलं चार बोटं वर, हवेतच चिमूट करतं. ज्याचे करत नाहीत ते कागदावर नख घासतं.

सव्वीस वर्षं ती स्वतः नख घासणाऱ्यांपैकी होती.

डावा डोळा जन्मापासून आत वळलेला. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं, पट्ट्या झाल्या, डोळा दिसायला सरळ झाला. पण तोवर मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. पायरी कुठे संपते हे तिला पायाने चाचपावं लागे. कपात चहा ओतताना कप टेबलावर टेकवून, किटलीची चोच कपाच्या काठाला लावून ओतावा लागे. "सात वर्षांच्या आत जमलं तर जमलं, पुढे दार बंद," असं कॉलेजात सरांनी शिकवलं तेव्हा ती वर्गात उभी राहिली होती. "मेंदू म्हणजे काय पोस्टाची खिडकी आहे का सर, वेळ संपली की झडप पाडायला?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिला परीक्षेत नेमका तोच प्रश्न घातला.

तिने पुस्तकातलं उत्तर लिहिलं, मार्क घेतले आणि घरी येऊन नाकाशी दोरा धरला. दोऱ्यात तीन रंगीत मणी. जवळचा, मधला, लांबचा. एकेका मण्यावर दोन्ही डोळे आणून टेकवायचे. रोज अर्धा तास, दोन वर्षं. आणि चार महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना बेसिनचा नळ अचानक तिच्या दिशेने बाहेर आला. भिंत मागे राहिली, नळ पुढे आला, मधे हवा होती. ती तोंडात ब्रश तसाच ठेवून रडली. आई धावत आली तर हिचं एकच चाललेलं, "आई, मधे जागा आहे! सगळ्याच्या मधे जागा आहे!"

२

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती फाइल घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली होती. कॉरिडॉर लांब होता. डाव्या भिंतीला खालपासून छतापर्यंत करड्या टाइल्स, त्यावर काळे-पांढरे बारीक ठिपके. उजवीकडे खिडक्या, बाकं. नव्या नजरेने बघायचा तिला नादच लागला होता. खुंटीवरचा कोट, बाकावरच्या बाईच्या गुडघ्यावरची पर्स, खिडकीचा गज आणि त्याच्यामागचं झाड. फुकटचा तमाशा होता तो.

तिसरं दार आणि आग विझवायचं लाल नळकांडं यांच्यामध्ये भिंत पुढे आली होती.

ती थांबली. भिंतीला फुगवटा धरला असेल, ओल असेल. तिने डावा डोळा मिटला. सपाट टाइल्स. उजवा मिटला. सपाट टाइल्स. दोन्ही उघडले, आणि ते पुन्हा आलं. भिंतीच्या वीतभर पुढे, त्याच करड्या रंगाचं, त्याच ठिपक्यांचं काहीतरी. माणसाच्या उंचीचं. वर गोल, त्याखाली बारीक, मग रुंद, मग खाली दोन.

तिच्या खोलीत तशी एक तपासणी होती. ठिपक्यांनी भरलेली दोन पानं. एका पानात काही नाही, दुसऱ्यातही काही नाही. नुसता ठिपक्यांचा चिवडा. पण एक पान एका डोळ्याला आणि दुसरं दुसऱ्याला दाखवलं की मधोमध एक चौकोन तरंगतो. तो चौकोन ना या पानात असतो, ना त्या. दोन्ही डोळे मिळून बघतील तेव्हाच तो असतो.

पण तिथे चौकोन छापणारा कोणीतरी असतो. भिंतीवर कोण छापणार?

तिने मनातल्या मनात स्वतःला शिकवलं, जसं ती शिकाऊ मुलींना शिकवायची. एकसारख्या नक्षीवर डोळे घसरतात. डावा या टाइलवर बसतो, उजवा शेजारच्या, आणि मेंदू चुकीची जोडी लावतो. मग भिंत पुढे आल्यासारखी वाटते. साधी गोष्ट आहे. नवा डोळा, नवी सवय.

ती पाचसहा पावलं चालली आणि मग तिला आठवलं की त्या चुकीत अख्खी भिंत पुढे येते. दोन पाय येत नाहीत.

३

"मग मिट एक डोळा," आई म्हणाली. ती इस्त्री करत होती. "सव्वीस वर्षं एकाच डोळ्यावर काढलीस, काय अडलं तुझं?"

"आई, जिना उतरताना मला भिंत धरावी लागायची."

"मग धरायची! भिंतीने काय भाडं मागितलं?"

"तुला कळत नाहीये."

"मला कळत नाही? तू तीन वर्षांची होतीस, पट्टी ओरबाडायचीस, तुझे हात धरून मी रात्ररात्र बसलेय. मला डोळ्याचं नको सांगूस." आईने इस्त्री उभी केली. "मोठ्या डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"महिनाभर डाव्या डोळ्यावर पट्टी. मेंदू शांत होईल म्हणे."

"मग?"

"महिनाभरात मेंदू परत विसरेल, आई. नळ परत भिंतीत जाईल."

आईने पुढचा सदरा पसरला. मग सदऱ्याची कॉलर सरळ करत म्हणाली, "आणि तिथे खरंच काही असेल तर?"

"असेल तर डोळा मिटून ते जाणार आहे का? फक्त मला दिसायचं बंद होईल."

"तेच तर म्हणतेय मी," आई म्हणाली.

४

गुरुवारी भिंगरी आली. पाच वर्षांची, एका जागी न ठरणारी, म्हणून घरात हेच नाव. सोबत तिचा बाप. तो टाइल्स बसवणारा मिस्त्री होता. दवाखान्यातच खालच्या मजल्यावर काम करत होता आणि पोरीला दुपारी सोबत आणायचा. मोठ्या डॉक्टरांनीच पोरीला हेरलं होतं. कॉरिडॉरमधून जाताना ती डावा डोळा घट्ट मिटून घ्यायची.

पट्टीवालीने तासभर तपासलं. दोन्ही डोळे सरळ. नाकतोड्याचा पंख पोरीने हवेत असा पकडला की सोडेना. ठिपक्यांतला चौकोन दिसला, त्याहून अवघड गोलही दिसला.

"एकदाही मिटला नाही, सर," तिने मोठ्या डॉक्टरांना सांगितलं.

"तुझ्या खोलीत अंधार असतो. कॉरिडॉरमध्ये ऊन येतं. उन्हात एक डोळा मिटणं ही तिरळेपणाची सुरुवात असते, हे मी तुला सांगायचं?"

"गच्चीवर नेलं तिला. भर उन्हात. नाही मिटला. फक्त या कॉरिडॉरमध्ये मिटते. फक्त तिसऱ्या दाराशी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. वीस वर्षांत हजारो डोळे त्याने वाचवले होते, आणि म्हणूनच स्वतःचं चुकू शकतं हे त्याच्या ध्यानात येत नसे. "सोमवारपासून उजव्या डोळ्यावर पट्टी. दिवसभर. चार महिने."

"या वयात, धडधाकट जोडीवर, दिवसभर? सर, जोडी मोडेल तिची. ती नख घासायला लागेल."

"आणि खरंच तिरळेपणा असेल तर? तू थांबवल्यामुळे वाढला तर?" ते जरा थांबले. "तू आधी स्वतःचं बघ. भिंतीत माणसं दिसणाऱ्या तपासनिसाच्या रिपोर्टला मी किती किंमत द्यायची?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे तिने त्यांना विश्वासाने सांगितलं होतं.

५

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. भिंतीसमोरच. एक तास, दोन्ही डोळे उघडे.

ते तिथेच होतं. हलत नव्हतं. तिने वेगळंच काहीतरी पाहिलं. झाडूवाल्या मावशी सरळ भिंतीच्या कडेने झाडत आल्या आणि तिसऱ्या दाराशी झाडू जरा बाहेर वळला. पुढे परत भिंतीला लागला. मागच्या जागी धुळीचा पट्टा राहिला. औषधांची ट्रॉली आली, तिथे वळली. दोन नर्सेस गप्पा मारत आल्या. भिंतीकडची खांदा आखडून गेली आणि तिचं वाक्य मधे तुटलंही नाही. मोठे डॉक्टर फोनमध्ये डोकं घालून आले. त्यांनीही एक पाऊल बाजूला टाकलं, जसं आपण कोणाला वाट देताना टाकतो.

एकानेही तिकडे पाहिलं नाही. एकाचाही धक्का लागला नाही.

म्हणजे यांच्या दोन डोळ्यांना ते जन्मापासून दिसत होतं, आणि मेंदू ते पायांना सांगत होता, त्यांना स्वतःला सांगत नव्हता. तिने डबा बंद केला. मग भीतीच्या जागी राग आला. दोन वर्षं तिने दोरा धरला होता. जे बघायचं ते बघायला, वळसा घालून जायला नव्हे.

संध्याकाळी चारला मिस्त्री पोरीला घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "दादा, एक काम करा. या भिंतीला ओळंबा लावून बघा."

मिस्त्रीने कारण विचारलं नाही. खिशातून दोऱ्याचं गुंडाळं काढलं, खाली पितळी वजन. स्टुलावर चढून दोरा छताजवळ धरला, भिंतीपासून चार बोटं सोडून. वजन हेलकावलं, थांबलं. त्याने वर, मधे, खाली बोटांनी अंतर मोजलं.

"एक नंबर आहे भिंत, ताई. सुतात. ज्याने बांधली त्याच्या हाताला सलाम."

पट्टीवालीने दोऱ्याकडे पाहिलं. वर तो भिंतीच्या पुढे होता. खाली गुडघ्याशीही पुढे. मधल्या भागात तो स्पष्ट दिसत होता, पांढरा, अखंड, कशानेही झाकलेला नाही. पण तो मागे दिसत होता. जे पुढे होतं त्याच्या आत. तिच्या डोक्यात कळ उठली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या आणि दोन्ही तिला दिसत होत्या.

भिंगरी बापाच्या पायाला चिकटली होती. डावा डोळा मिटलेला.

"का गं मिटतेस?" पट्टीवाली उकिडवी बसून म्हणाली.

"मिटला की तो जातो."

मिस्त्रीचा हात दोऱ्यावर थिजला.

"कसा आहे तो?"

"भिंतीसारखा." पोरीने तिच्या कानाशी तोंड नेलं. "आधी त्याची पाठ होती. आता पाठ नाहीये."

मिस्त्री स्टुलावरून सावकाश उतरला. दोरा गुंडाळून खिशात ठेवला. "ताई," तो म्हणाला, "भिंतीचं काय असेल ते मी सांगू शकतो. भिंतीत खोट नाही. माझी पोरही खोटं बोलत नाही. आता तुम्ही सांगा, मी काय करू?"

"सोमवारी तिला घेऊन या," ती म्हणाली. "आणि पट्टीच्या कागदावर अंगठा, सही, काही करू नका."

६

सोमवारी पट्टीवालीने रिपोर्ट लिहिला. दोन्ही डोळे निर्दोष, जोडी उत्तम, पट्टी देऊ नये. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी दोनदा वाचला. "म्हणजे माझ्या विरोधात."

"पोरीच्या बाजूने, सर."

"ठीक आहे." ते उठले. "कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला चालू दे. भिंतीच्या कडेने. एकदाही डोळा मिटला नाही तर पट्टी नाही. मिटला तर आजच, आणि तू परत या विषयावर तोंड उघडायचं नाही. कबूल?"

मिस्त्री पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. डॉक्टर या टोकाला, हाताची घडी घालून. पट्टीवालीने भिंगरीचा हात धरला आणि स्वतः भिंतीकडून राहिली.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "दोघींनी दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. तू बाबांकडे बघायचं. भिंतीकडे मी बघते."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण त्याच्यासाठी मी माझा डोळा देणार नाही. तू देणार?"

पोरीने मान हलवली. नाही.

पहिलं दार. दुसरं दार. कॉरिडॉरमध्ये फक्त त्यांच्या चपलांचा आवाज. तिसऱ्या दाराआधी तिला कळलं की आपले पाय उजवीकडे ओढले जातायत. सगळ्यांसारखे तिचेही. तिने पाय भिंतीच्या कडेने दामटले. वळसा घालायचा नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी घातला, आता पुरे. भिंगरीचा हात घामेजला होता, पण मान सरळ होती आणि डोळे टक्क उघडे होते, पाणी येईपर्यंत उघडे.

पट्टीवालीने डावीकडे पाहिलं.

समोर, अगदी दंडाशी. ठिपके इतके जवळ की मोजता आले असते. वरच्या गोलात दोन जागी खळगे होते आणि त्यांच्यामध्ये उंचवटा. ती सरळ त्यात चालत गेली. काही लागलं नाही. डाव्या गालावरून गार टाइलचा स्पर्श गेला, एवढंच. भिंत तिच्यापासून हातभर लांब होती.

मग लाल नळकांडं. मग मिस्त्री, ज्याने पोरीला उचलून छातीशी घेतलं.

"नाही मिटला!" भिंगरी ओरडली. "बाबा, एकदाही नाही!"

पलीकडच्या टोकाला डॉक्टर क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी घडी सोडली, पट्टीचा कागद उभा-आडवा फाडला आणि तुकडे कोटाच्या खिशात घातले. हरलेला माणूस इतका मोकळा हसू शकतो हे तिला माहीत नव्हतं. "मान्य," ते लांबूनच म्हणाले. "पोरगी जिंकली. पट्टी नाही. रिपोर्ट तुझाच राहील."

मिस्त्रीने तिच्याकडे बघून नुसती मान झुकवली आणि पोरीला घेऊन जिन्याकडे वळला. बापाच्या खांद्यावरून भिंगरी मागे बघत होती. तिचं हसू मधेच थांबलं. तिने काही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाप जिना उतरला.

डॉक्टर कॉरिडॉरमधून तिच्याकडे यायला निघाले. भिंतीच्या कडेने. पहिलं दार, दुसरं, तिसरं. तिसऱ्या दाराशी ते वळले नाहीत. खांदा आखडला नाही. सरळ रेषेत, भिंतीला कोट घासत, तिथून चालत आले.

तिने त्यांच्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. दार आणि नळकांडं यांच्यामध्ये आता भिंत आत गेलेली होती. वीतभर खोल. वर गोल, मग बारीक, मग रुंद, मग दोन.

डॉक्टर दोन हातांवर येऊन थबकले. हसू मावळलं.

"तुझे डोळे," ते म्हणाले. "दोन्ही आत वळलेत. नाकाकडे. अगं, काय बघतेयस तू?"

तिलाही ते जाणवत होतं. डोळ्यांच्या आतल्या कडेचे स्नायू ताठले होते, ओढत होते. डोळे उगाच आत वळत नाहीत. वस्तू जितकी जवळ तितके वळतात, आणि किती वळले की किती अंतर, हे ती रोज मोजपट्टी लावून मोजायची. आता मोजायची गरज नव्हती. चार बोटं. फार तर पाच. डॉक्टरांचा चेहरा तिला कशाच्या तरी मागे दिसत होता, पूर्ण दिसत होता, आणि मागे दिसत होता. तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर ठिपके सावकाश एकमेकांपासून लांब जात होते, ओठ उघडताना जातात तसे.

"मिट," डॉक्टर कुजबुजले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. "एक डोळा मिट. कुठलाही. पटकन मिट, पोरी!" त्यांचा हात तिचा डोळा झाकायला वर आला.

तिने तो मनगटाशी धरला आणि खाली केला.

"नाही सर," ती म्हणाली. "मला दिसू दे."